जुन्या धाटणीच्या फँटसी रोलप्लेसाठी नियमपुस्तक निवडताना

मुखपृष्ठ नंतर बघा, आधी आर्मर क्लासचं, म्हणजे पात्राला वार लागणं किती अवघड ते सांगणाऱ्या आकड्याचं, पान उघडा. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या रोलप्ले खेळाच्या १९८१ च्या बेसिक-एक्सपर्ट नियमांत चिलखत नसलेल्याचा आकडा ९, आणि चिलखत जितकं भारी तितका आकडा कमी. बेसिक फँटसी या त्याच धाटणीच्या नव्या नियमपुस्तकात तोच माणूस ११ पासून सुरू होतो आणि आकडा वर चढतो. जुन्या नियमांसाठी लिहिलेलं साहस (खेळायचं तयार कथानक) बेसिक फँटसीवर चालवायचं असेल तर २० मधून जुना आकडा वजा करा: ५ चे १५. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स या आणखी एका नियमपुस्तकात दोन्ही पद्धती आहेत, पण तिथे वजाबाकी १९ मधून होते. ही गल्लत झाली की प्रत्येक राक्षसाचा आर्मर क्लास एका आकड्याने चुकतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग अनुभवाचे गुण कशाचे मिळतात ते वाचा. १९८१ च्या नियमांत एका सुवर्णमुद्रेला एक गुण. त्यामुळे खेळाडू लढाई टाळून खजिना शोधतात, आणि खरी मजा त्यातच आहे! हा नियम गाळला तर पहिल्या पातळीची नाजूक पात्रं उगाच मारामारीत मरतात.

नवख्या गटाने बेसिक फँटसीच घ्यावं, असं आमचं ठाम मत. पीडीएफ अधिकृतपणे मोफत मिळते. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पाठपोट प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करा. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. जादूमंत्रांच्या पानांची एक जादा प्रत काढा, कारण खेळताना ती सतत कुणाच्या तरी हातात असतात.