आयसीएफची पहिली भिंत आणि खिडकीखालची पोकळी

नेहमीच्या शटरिंगमध्ये एक मोठा आधार असतो. फळ्या निघाल्या की काँक्रीट कसं भरलंय ते डोळ्यांनी दिसतं. आयसीएफमध्ये (इन्सुलेटेड काँक्रीट फॉर्म) थर्माकोलचे पोकळ ठोकळे हाच फर्मा, आणि तो कधीच निघत नाही. आत काँक्रीट भरलेलं असो वा नसो, भिंत बाहेरून तितकीच पांढरीशुभ्र दिसते. माझी पहिली भिंत अशीच देखणी झाली होती. अकरा दिवसांनी खिडकीची चौकट पक्की करायला खालच्या बाजूने भोक पाडायला घेतलं, आणि ड्रिलची सुई कसलाही विरोध न होता मुठीपर्यंत आत गेली.

थर्माकोल कापून पाहिलं. जवळजवळ हातभर लांबीची पोकळी. दोन सळया उघड्या, आणि त्यांच्याभोवती सुटी खडी. तो दिवस आठवला की मला आजही बरं वाटत नाही. म्हणून बाकीचं थोडक्यात उरकून याच गोष्टीवर जास्त बोलणार आहे.

हे का झालं? थोडक्यात सांगायचं तर, भीतीमुळे. आयसीएफ शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एकच धाक घातला जातो: भिंत फुटेल. धाक खोटा नाही. ओलं काँक्रीट घनमीटरला साधारण 2,400 किलो भरतं. 1.2 मीटरचा थर एकदम ओतला तर तळाशी चौरस मीटरला जवळपास 2.9 टन दाब येतो. 3 मीटर एकदम भरलं तर 7.2 टन. नवख्यांना वाटतं की गाभा, म्हणजे दोन थर्माकोलमधली काँक्रीटची जाडी, 250 मिलिमीटरऐवजी 150 चा घेतला की दाब कमी होईल. होत नाही. दाब उंचीवर ठरतो, जाडीवर नाही. म्हणूनच एका फेरीत एक ते सव्वा मीटरच भरायचं, पूर्ण घराला वळसा घालून परत यायचं, तोवर खालचा माल आवळायला लागलेला असतो. थंडीत तो उशिरा आवळतो, तेव्हा फेरी आणखी सावकाश.

इथपर्यंत मला सगळं नीट शिकवलं होतं. पण ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्यांचा आणखी एक नियम होता: आयसीएफमध्ये व्हायब्रेटर (ओलं काँक्रीट हलवून हवा काढणारी थरथरती सुई) घालायचाच नाही, बाहेरून थापलं की पुरे. मी तो डोळे मिटून पाळला. वर माल घट्ट ठेवला, म्हणजे दाब कमी. शिवाय 150 मिलिमीटरच्या गाभ्यात 20 मिलिमीटरची खडी. ठोकळ्यांच्या दोन बाजू जोडणारे प्लास्टिकचे टाय, आडव्या सळया, खिडकीखालच्या जादा सळया, या सगळ्यातून घट्ट माल आडवा सरकून चौकटीखाली जाईल अशी माझी अपेक्षा होती. तो दोन्ही बाजूंनी आला, सळयांवर अडला आणि मधली हवा तिथेच कोंडली. वरून चौकटीची फळी बंद, त्यामुळे हवेला वाट नाही आणि मला बघायला फट नाही.

तेव्हा पहिली गोष्ट: खिडकीच्या चौकटीची खालची बाजू पूर्ण फळीने बंद करू नका. दोन कडांना दोन पट्ट्या ठेवा, मधे उघडी जागा राहू द्या. खिडकीखालचा भाग त्या उघड्या जागेतून, वरूनच भरा. तिथूनच व्हायब्रेटरची सुई घाला, तिथूनच माल वर आलेला बघा. दुसरी गोष्ट: 150 च्या गाभ्याला 10 मिलिमीटरची खडी आणि 125 ते 150 मिलिमीटरचा स्लंप (माल किती सैल आहे याचं माप) मागा. माल घट्ट आला तर साइटवर पाणी ओतू नका, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा. पंपवाला घाईत पाणी घालायला सांगतो, त्याचं ऐकू नका. भिंत त्याला सांभाळायची नाही. तिसरी गोष्ट: व्हायब्रेटर घालायचाच, पण 25 मिलिमीटरच्या आसपासच्या डोक्याचा. झटकन आत, सावकाश बाहेर, एका जागी रेंगाळायचं नाही. स्लॅबसाठीचा जाडजूड व्हायब्रेटर मात्र ठोकळे खरंच फोडतो. मला वाटतं, तो नियम अशाच एखाद्या फुटलेल्या भिंतीतून जन्मला असावा आणि पुढे कुणी त्याचं कारण विचारलं नाही.

भरणीआधी मी आता प्रत्येक खिडकीखाली थर्माकोलमध्ये पेन्सिलीएवढी तीन-चार भोकं पाडते. भरताना त्यातून सिमेंटचं पाणी डोकावलं की माल तिथवर पोचला. एखादं भोक कोरडं राहिलं तर तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही.

ऊर्जेच्या हिशेबात ही चूक पकडली जाईल या भरवशावर राहू नका. दोन्ही बाजूंचं 65-65 मिलिमीटर थर्माकोलच जवळजवळ सगळी उष्णता अडवतं. अशा भिंतीचा यू-व्हॅल्यू (भिंतीतून किती उष्णता जाते याचं माप, जितका कमी तितका चांगला) 0.26 च्या आसपास येतो आणि काँक्रीटचा त्यातला वाटा नगण्य असतो. घर गार राहील, वीज वाचेल, आणि आत काँक्रीटचं आवरण नसलेली सळई गंजत राहील. भिंत टिकाऊ म्हणून विकायची आणि तिची ताकद तपासायची नाही, हे मला पटत नाही.

घाबरून हे काम सोडू नका, एवढं मनापासून सांगते. माझी पोकळी दुरुस्त झाली. सुटी खडी ठोकून काढली, सळया घासल्या, पाणी मारलं, फळी लावून न आकसणारा ग्राउट (पोकळी भरायचा सिमेंटचा पातळ माल) भरला, थर्माकोलचा तुकडा परत चिकटवला. दोन दिवस गेले, भिंत वाचली. भिंत फुटली तरी जगबुडी होत नाही: पंप दुसरीकडे वळवा, प्लायचा तुकडा टायमध्ये स्क्रूने आवळा, टेकू द्या, तासाभराने परत या. प्लायचे कापलेले तुकडे आणि स्क्रू भरणीआधीच हाताशी ठेवा.

बाकीचं पटकन. पायाची लेव्हल चुकली असेल तर पहिल्याच थरात सुधारा. वर गेल्यावर ती चूक वाढते. ओळंबा आणि दोरी भरणीनंतर पुन्हा लावा, कारण माल ओला आहे तोवरच टेकूचे स्क्रू फिरवून भिंत सरळ होते. जमिनीखालच्या भागाला सॉल्व्हंट असलेलं वॉटरप्रूफिंग लावू नका, थर्माकोल विरघळतं. बाहेरचं प्लास्टर महिनोन्‌महिने लांबवू नका, उन्हाने थर्माकोल पिवळं पडून त्याचा भुगा होतो.

व्हिडिओ बघून ठोकळे रचता येतात, भरणी येत नाही. एक दिवस कुणाच्या तरी भरणीत फुकट राबा, नळीच्या टोकाशी उभे राहा. शिकवणारा निवडताना त्याला विचारा, तुमची भिंत कधी आणि कुठे फुटली. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडे मी परत जाणार नाही.

भरणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी मी हातोडीच्या दांड्याने सगळ्या खिडक्यांखाली ठोकत फिरते. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक थर्माकोलमधून दबून येतो, कान बसायला वेळ लागतो. शंका आली की बारीक भोक पाडते, सुई अडली की पुढची खिडकी.