कोकणात खाडीकाठच्या गावात संस्थेच्या कामाला जाण्याआधी

सगळ्यात आधी कालनिर्णय काढा आणि तारखेशेजारची तिथी बघा. भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून कळते आणि ती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. ओहोटीला खाडी सुकली की बायका तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढायला चिखलात उतरतात. आम्ही पहिली बैठक नेमकी त्याच वेळेला ठेवली होती. देवळात पुरुष बसले, खाडीच्या पाण्यावर दोन तास बोलले. पण त्या खाडीवर ज्यांची चूल पेटते त्यांतली एकही बाई तिथे नव्हती. ती चूक मला अजून सलते. म्हणून वेळ बायकांनाच विचारा. जागाही विचारा. देवळात सगळ्या वाड्या येतात असं नाही, मुसलमान मोहल्ल्यातली माणसं तर नाहीतच. शाळेच्या पडवीत बहुतेक सगळे येतात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, बोलायला माणसं निवांत भेटतात. मात्र तेव्हा हातात पैसा नसतो, वर्गणीचा विषय काढू नका. शेतीवाल्या वाड्यांना लावणीतून मान वर करायला फुरसत नसते, तिकडे नंतर जा. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांचं, म्हणजे गावाचं मुंबई मंडळ असेलच. गणपती-शिमग्याला चाकरमानी येण्याची वाट न बघता त्यांना आधीच मुंबईत गाठा, कारण बरेच निर्णय त्यांच्या शब्दावर अडतात.

कामाचा आराखडा पेन्सिलीने लिहा. त्यात दोन ओळी मोकळ्या सोडा: राखण कोण करणार आणि पैसा कुणाच्या घरी जाणार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं. पण रात्री किनाऱ्यावर घरटी शोधत फिरले ते गावकरी, आणि कासव महोत्सवाचे पाहुणे आजही उतरतात, जेवतात ते गावातल्याच घरांत. या दोन ओळी गावाने भरेपर्यंत देणगीदाराला तारीख कळवू नका.

ठराव ग्रामसभेत घ्यायचा असेल तर तिच्या आधी होणाऱ्या महिला सभेत विषय मांडा. सर्वेक्षण केलंत तर निघण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवा, चुका तिथेच दुरुस्त करा. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक बचत गटाच्या पेटीत ठेवा. वाड्यांची नावं लोक म्हणतात तशीच लिहा.