पेज बॉय नको असेल तर अंगठ्या कोणी आणायच्या?

पंचवीसेक वर्षं झाली, मी वसईत लग्नाचे कपडे शिवते. नवरीचे गाऊन, फ्लॉवर गर्लचे फ्रॉक आणि पेज बॉयचे, म्हणजे चर्चमधल्या लग्नात उशीवर अंगठ्या घेऊन येणाऱ्या छोट्या पोराचे सूट. नवरीचा गाऊन परवडला. तीन वर्षांच्या पोराच्या कोटाला कॉलर बसवणं हे खरं किचकट काम, कारण पोर मापाला उभंच राहत नाही. छातीचं माप घेताना पोट फुगवतं आणि बाही मोजताना हात खिशात घालतं. उपवासकाळ संपून ईस्टर झाला की आमच्याकडे लग्नांची रांग लागते, म्हणजे सूट घालायचा तो ऐन एप्रिल-मेच्या उकाड्यात. चर्चच्या दारात उभं राहून घामाने निथळणारी, बो टाय ओढत रडणारी किती पोरं पाहिली असतील मी. त्यामुळे ‘मावशी, पेज बॉय नको, दुसरं काही सुचवा’ म्हणणाऱ्या नवऱ्या यायला लागल्या, तेव्हा एका सुटाची शिलाई गेल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही.

आधी हे समजून घ्या की अंगठ्या आणणारं पोर ही विधीची गरज नाही. फादर अंगठ्यांना आशीर्वाद देतात, नवरा-नवरी त्या एकमेकांच्या बोटात घालतात, झालं. अंगठ्या वेदीपर्यंत कशा पोचल्या हे कोणी विचारत नाही. कायद्याचं म्हणाल तर १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याला लग्न लावणाऱ्याशिवाय दोन साक्षीदार लागतात. उशी, रिबीन, छोटा कोट ही सगळी आपली हौस. हौस करायलाच हवी, पण मग ती आपल्या घरातली दिसू दे, कॅटलॉगमधली नको.

दुसरं, वेळ. लग्नाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलची वाचनं होतात, प्रवचन होतं, मग नवरा-नवरी वचन देतात आणि लगेच अंगठ्या. अर्पणाची मिरवणूक त्याच्या नंतर येते. दर वर्षी एखादी नवरी मला उत्साहाने सांगते की अंगठ्या आपण अर्पणाच्या मिरवणुकीत आणू, द्राक्षारस आणि भाकरीबरोबर. छान दिसेल खरं, पण तोवर अंगठ्या बोटात गेलेल्या असतात! तेव्हा दोनच जागा उरतात: सुरुवातीच्या प्रवेशाच्या मिरवणुकीत, नाहीतर प्रवचन संपल्यावर. काहीही वेगळं करायचं असेल तर फादरांना महिनाभर आधी विचारा. आदल्या संध्याकाळच्या सरावात विचारलंत तर ‘नको’ असंच उत्तर येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही.

आता गाठीचं सांगते, कारण अंगठ्या कोणीही आणल्या तरी त्या कुठेतरी बांधाव्या लागतात आणि घोळ तिथेच होतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात पांढऱ्या सॅटिनची उशी मीच शिवली होती. अंगठ्या पडू नयेत म्हणून रिबिनीला घट्ट निरगाठ मारली. पेज बॉय माझाच मुलगा, चार वर्षांचा. बिचारा शहाण्यासारखा चालत आला. बेस्ट मॅनने, म्हणजे नवऱ्याच्या पाठराख्याने, गाठ सोडायला घेतली, सुटेना. बहिणीने नखं लावली, सुटेना. फादर पुस्तक उघडून थांबलेले, कॉयर तेच कडवं तिसऱ्यांदा म्हणतंय. शेवटी सॅक्रिस्टीतून, म्हणजे वेदीजवळच्या सामानाच्या खोलीतून, मेणबत्तीची वात कापायची कात्री आली. व्हिडिओत हा प्रकार साडेतीन मिनिटं चालतो. बहीण दर वाढदिवसाला नेमका तेवढाच तुकडा मला पाठवते.

तेव्हापासून मी सुरगाठच मारते. सॅटिनची रिबीन घेऊ नका, ती घसरते. आडव्या बारीक रेषा असलेली खरखरीत रिबीन मिळते, ती घ्या, साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद. तीस सेंटिमीटरचा तुकडा कापून मधोमध उशीला, डबीला, जे काही असेल त्याला चार टाके घालून पक्का करा. एक टोक अंगठीतून ओवा आणि दुसऱ्या टोकाशी एकाच फासाची सुरगाठ मारा. जे टोक ओढल्यावर गाठ सुटते, त्याला एक लाल मणी शिवून टाका. बेस्ट मॅन आधीच घाबरलेला असतो, त्याला फक्त ‘लाल मणी ओढ’ एवढंच सांगायचं. मग सगळं उलटं धरून दहा वेळा झटका. अंगठी पडली नाही आणि मणी ओढल्यावर एका दमात सुटली, तर गाठ बरोबर.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे बेस्ट मॅनचा खिसा. त्यात काय ‘क्रिएटिव्ह’, असं वाटेल, पण पन्नास टक्के लग्नांत मी हेच सुचवते. फक्त एक बघा: नवीन ब्लेझरचे खिसे दुकानातून येताना कच्च्या टाक्यांनी शिवून बंद असतात. ऐन वेळी हे लक्षात येतं आणि मग अंगठ्या पँटच्या खिशात, किल्ल्या आणि सुट्या पैशांसोबत जातात. टाके आदल्या दिवशी उसवा. भाड्याचा कोट असेल तर खिशात बोट घालून अस्तर फाटलंय का तेही पाहा.

आता ज्यांना खरंच काही वेगळं हवंय त्यांच्यासाठी.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी आली, तिचे वडील करोनात गेले होते. तिला पेज बॉय, फ्लॉवर गर्ल, काहीच नको होतं. बोलता बोलता तिने पर्समधून वडिलांच्या चष्म्याचं घर काढलं. जुनं, पत्र्याचं, वरचा काळा रंग कोपऱ्यांत उडालेला. अंगठ्या ह्यात येतील का, म्हणाली. मी आतलं कुजकं मखमल काढून टाकलं. सोनाराच्या डबीत असतो तसा दाट फोम मापाने कापून बसवला, त्यात ब्लेडने दोन चिरा दिल्या आणि वर तिच्याच गाऊनच्या उरलेल्या कापडाचा तुकडा ताणून चिरांमध्ये दाबला. अंगठी चिरेत निम्मी आत, निम्मी वर राहिली पाहिजे. फार खोल गेली तर बोटांनी निघत नाही. चष्म्याचं घर आईने आणलं, प्रवचनानंतर, पहिल्या बाकावरून उठून. एकच अडचण सरावात कळली: झाकण उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि फादरांच्या माइकमध्ये तो बंदुकीसारखा वाजतो. माइक बंद करू या, असं फादर म्हणाले. मुलगी म्हणाली, नको, वाजू दे, घरात रोज वाजायचा.

अशी एखादी वस्तू प्रत्येक घरात असते. आजोबांची तपकिरीची डबी, आईची शिवणाच्या सामानाची डबी, समुद्रावरचा मोठा शिंपला. नियम एकच, ती वस्तू सपाट ठेवता आली पाहिजे आणि एका हाताने उघडता आली पाहिजे. जुनं प्रार्थनापुस्तक मधून कोरून त्यात अंगठ्या ठेवायची कल्पनाही लोक घेऊन येतात. मला ती पटत नाही. पुस्तकावर ब्लेड चालवायला माझा हात उठत नाही, आणि मी तसं तोंडावर सांगते.

विड्याची गंमत मात्र मला फार आवडली. नवरीच्या घरची पानांची वाडी, आजोबा-पणजोबांपासून. मग आम्ही अंगठ्या विड्यातच घातल्या. दोन मोठी पानं घ्यायची, देठ काढायचे, कोरड्या फडक्याने नीट पुसायची. पान त्रिकोणी घडी घालून त्याचा खिसा करायचा, अंगठी आत सरकवायची, वरचा पदर खाली आणून लवंग टोचायची. नवरीच्या अंगठीच्या विड्याला एक लवंग, नवऱ्याच्या विड्याला दोन, म्हणजे कुठला आधी उघडायचा याचा गोंधळ नाही. आधी नवरा नवरीच्या बोटात घालतो, तेव्हा एक लवंगवाला पहिला. विडे पितळी थाळीत, पण खाली केळीचं पान नको, त्यावरून घसरतात, सुती रुमाल घाला. बांधलेले विडे ओल्या फडक्यात तीन-चार तास ताजे राहतात. आशीर्वाद उघड्या अंगठ्यांना द्यायचा असतो, त्यामुळे बेस्ट मॅनने लवंगा आधीच काढून अंगठ्या थाळीत ठेवायच्या. आणि हो, चुना-कात लावायचा नाही. हसू नका, एका मामांना हे सांगावं लागलंय.

अंगठ्या सगळ्या पाहुण्यांच्या हातांतून फिरवायच्या, प्रत्येकाने मुठीत धरून मनात आशीर्वाद द्यायचा, अशीही एक पद्धत हल्ली विचारतात. कल्पना गोड आहे, हिशेब करा. माणशी पाच सेकंद धरले तरी तीनशे माणसांना पंचवीस मिनिटं लागतील, आणि मधल्या बाकावरचा कोणीतरी अंगठी स्वतःच्या बोटात घालून बघणारच. चर्चमध्ये हे नकोच. सकाळी घरून निघायच्या आधी, मांडवात जवळची वीस-पंचवीस माणसं असतात तेव्हा करा. अंगठ्या जाळीच्या छोट्या पिशवीत घालून पिशवीच फिरवा. दोन मिनिटांत होतं, आणि कोणी रडलं तरी घरच्यांसमोरच.

प्राण्यांबद्दल थोडक्यात. माझ्या भाच्याने कॅनडात बागेत लग्न केलं, त्यांच्या लॅब्रेडॉरच्या पट्ट्याला पिशवी बांधून. कुत्रा अर्ध्यात थांबून कोणाच्या तरी ताटाकडे वळला, पण पिशवीत पडद्याच्या पितळी कड्या होत्या, खऱ्या अंगठ्या बेस्ट मॅनकडे. कुत्रा असो नाहीतर तीन वर्षांचं पोर, हीच युक्ती. इंग्लंडात म्हणे घुबडाकडूनही अंगठ्या मागवतात. आपल्याकडे विषयच नाही, घुबडांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ड्रोनचं विचारणाऱ्याला मी नवरीच्या डोक्यावरचा बुरखा दाखवते, चार मीटर नेटचा, आणि विचारते, ड्रोनच्या पंख्यात अडकला तर सोडवणार कोण?

आमच्या शेजारच्या काकूंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी हाच प्रश्न विचारला. तिथे अंगठ्या तबकात येतात, नारळ आणि हळदकुंकवाच्या शेजारी, आणि बहुतेक वेळा तबक आधीच टेबलावर ठेवलेलं असतं. मी म्हटलं, तुमच्याकडे करवली आहे की! लग्नात कलश घेऊन मागे उभी राहणारी ती, साखरपुड्याला तबक घेऊन चालत येऊ दे. अंगठ्या तांदळात खोचा, तबक तिरकं झालं तरी हलत नाहीत.

आणि आता माझ्या आवडीचा पर्याय: आजी. ब्याऐंशी वर्षांची, लाल लुगड्यातली, नवऱ्या मुलाची आजी. तिला कोणीतरी गाऊनला शोभेलशी साडी नेसवायला निघालं होतं, ती ऐकेना. तिच्याच एका विरलेल्या लुगड्याचा पदर मी मागून घेतला आणि बटवा शिवला. बारा बाय अठरा सेंटिमीटरचे दोन तुकडे, कडांना सेंटिमीटरभर दाब, खालची शिवण दुहेरी. मधून उभी एक शिवण घालून दोन कप्पे केले, कारण एका कप्प्यात दोन अंगठ्या एकमेकींवर घासतात आणि बाहेर नेमकी चुकीची आधी येते. नवरीच्या कप्प्यावर लाल टाका, नवऱ्याच्या कप्प्यावर पांढरा. आजीची बोटं सांधेदुखीने वाकलेली, म्हणून नाडीच्या टोकांना सुपारीएवढे लाकडी मणी लावले.

म्हाताऱ्या माणसाला दारापासून वेदीपर्यंत चालवू नका. भर चर्चमध्ये सगळे वळून बघताहेत, खाली गुळगुळीत फरशी, कशाला? आजीची खुर्ची आम्ही पहिल्या बाकाशेजारी ठेवली. प्रवचन संपल्यावर नातवाने जाऊन हात धरला, सहा पावलं, झालं. तिने स्वतः नाडी सोडली, आधी लाल टाक्याचा कप्पा, मग पांढऱ्याचा, आणि अंगठ्या थाळीत ठेवून तिथेच उभी राहिली. फादर तिला बसा म्हणाले, तर म्हणाली, आधी घालू दे, मग बसते.

मिस्सा झाल्यावर मी बटवा मागायला गेले, नवरीला आठवण म्हणून फ्रेम करून द्यायचा होता. आजीने तो कमरेला खोचला होता. आजही तिच्याकडेच आहे, लाल कप्प्यात मिश्री आणि पांढऱ्यात चर्चच्या पेटीत टाकायची चिल्लर.