लेन्स घेण्याआधी ती रामकुंडावर नेऊन बघा

कॅमेऱ्याची महागडी लेन्स विकत घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणा आणि संध्याकाळच्या आरतीला नाशिकच्या रामकुंडावर घेऊन जा. दुकानातल्या लख्ख उजेडात कुठलीही लेन्स चांगलीच वाटते. ७०-२०० मिमी झूममध्ये एफ ४ ऐवजी एफ २.८ घेतली तर दुप्पट उजेड आत येतो; हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं. त्याच आयएसओवर (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १/६० सेकंदाऐवजी १/१२५ सेकंदाचं शटर मिळतं आणि दिवा ओवाळणारा हात फोटोत बराच कमी हललेला दिसतो. पूर्ण झूम केल्यावरही अ‍ॅपर्चर एफ २.८च राहतं ना, हे आवर्जून बघा. वजन मात्र एक ते दीड किलो, तेव्हा तासभर हातात धरून पाहाच.

नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातल्या पक्ष्यांना २०० मिमी तोकडी पडते, तिथे ४००च्या पुढचीच हवी.

जुनी लेन्स घेत असाल तर दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. थोडी धूळ चालते. पण काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले, तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.