काल रात्रीचा एपिसोड लिहायचा कसा

माझी ताई रात्रपाळी करायची. आम्ही दोघी बघायचो ती सिरीज आठवड्यातून एकदा, नेमकी तिच्या पाळीच्या वेळेला लागायची, आणि तेव्हा मागाहून बघायची सोय नव्हती. सकाळी घरी परतताना ती फोन करायची आणि मी तिला अख्खा भाग सांगायचे. वेळ मोजून दहा मिनिटं. सुरुवातीला मी पहिल्या दृश्यापासून धरायचे: आधी हा आला, मग ती आली, मग दोघं गाडीत बसले. ताई मधेच अडवायची, "अगं, पण ती त्याच्या गाडीत बसलीच का?" ते मला सांगता यायचं नाही. कुणाचा कोट कुठल्या रंगाचा होता हे मात्र मी सांगून बसलेली असायचे, जे तिने कधीच विचारलं नव्हतं.

पुढे मी एपिसोडचे रिकॅप (भागात काय घडलं ते थोडक्यात) आणि परीक्षणं लिहू लागले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. कसोटी तीच राहिली आहे: इथे ताईने अडवलं असतं का? रिकॅप म्हणजे नुसती हकिगत आणि मत नंतर परीक्षणात, असं नवीन लिहिणाऱ्यांना वाटतं. मला ते पटत नाही. बेचाळीस मिनिटांतलं काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवलंत तिथेच तुमचं मत सुरू झालं. म्हणून खालची सगळी खटपट त्या निवडीसाठी आहे.

भाग दोनदा बघायचा. पहिल्यांदा वही बंद. फार तर एका चिठ्ठीवर मिनिटांचे आकडे टिपा, शेजारी एक शब्द: "२३ – काच", "३१ – हसली". यापेक्षा जास्त लिहायला मान खाली घातली की नेमका त्याच क्षणाला कुणीतरी कुणाकडे बघतं आणि ती नजर तुमच्या हातून जाते. शिवाय अंधारात लिहिलेलं सकाळी वाचता येत नाही. माझ्या एका चिठ्ठीवर "डावा हात!!" असं दोन उद्गारचिन्हांसकट लिहिलेलं आहे. कुणाचा, कशाला, आजतागायत उलगडलेलं नाही.

भाग संपला की श्रेयनामावली शेवटपर्यंत जाऊ द्या, तिच्यामागे एखादा तुकडा लपवून ठेवलेला असतो. मग स्क्रीन बंद करा आणि आठवेल ते दहा मिनिटं सलग लिहा. क्रम बघू नका, नावं चुकली तरी चालतील. माझ्या मते सगळ्या कामात हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे, आणि बहुतेक जण तो गाळतात. यात काय आठवलं त्यापेक्षा काय विसरलं ते बघायचं. वकील भावाचं अख्खं उपकथानक, चांगली नऊ मिनिटं, तुमच्या कागदावर उतरलंच नसेल, तर परीक्षणातला एक परिच्छेद तिथेच मिळाला. ते का विसरलं? भावाला या भागात करण्यासारखं काही दिलंच नव्हतं म्हणून? की त्याची गोष्ट दोन भागांपूर्वीच संपली होती आणि ती नुसती ओढताहेत? दुसऱ्यांदा बघताना हे शोधायचं.

दुसऱ्यांदा वही उघडी आणि बोट पॉजवर. आता तपशील. सुरुवातीचा "मागील भागात" हा तुकडा बहुतेक लोक पुढे ढकलतात, तुम्ही ढकलू नका. तो प्रेक्षकांच्या आठवणीसाठी असतो हे खरंच, पण आज काय लागणार आहे तेही त्यात दिसतं. सहा भागांमागचा एखादा शेजारी त्यात दोन सेकंद चमकला, तर तो आज येणार हे धरून चाला. मग तो आला की धक्का देण्यात ते कमी पडले का, हा मुद्दा तुमच्या हाती असतो.

जाहिराती कुठे येतात तेही टिपा. अमेरिकी नेटवर्कवरच्या एक तासाच्या मालिकेत प्रत्यक्ष गोष्ट साधारण ४२ ते ४४ मिनिटांची असते, अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेत २२च्या आसपास. बाकी जाहिराती. लेखक प्रत्येक जाहिरातीआधी एक छोटी गाठ मारतो, माणूस जागचा उठू नये म्हणून. त्या गाठी मोजल्या की भागाचा सांगाडा समोर येतो. स्ट्रीमिंगवर हे बंधन नाही, म्हणून तिथे कधी ३० मिनिटांचा भाग मिळतो, कधी ८०चा, आणि सैलपणा कुठे शिरला ते स्वतःच हुडकावं लागतं.

संवाद उद्धृत करणार असाल तर मूळ भाषेत ऐका. यात मी एकदा चांगलीच तोंडघशी पडले. एका गुन्हेगारी सिरीजचा भाग मी डबिंगमध्ये पाहिला होता. त्यात बायको नवऱ्याला शांतपणे म्हणते, "मला माहीत होतं." त्या "होतं"वर मी चारशे शब्दांचा डोलारा उभा केला: म्हणजे हिला पहिल्या भागापासून ठाऊक होतं, म्हणजे ती सामील होती, वगैरे. दुसऱ्या दिवशी एका वाचकाने नम्रपणे कळवलं की मूळ वाक्य "मला माहीत आहे" असं आहे. नुकतंच कळलंय, एवढंच. डबिंग करणाऱ्यांना ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवायचे असतात, काळ-बिळ त्यात इकडचा तिकडे होतो. तेव्हापासून उद्धृत करायचं प्रत्येक वाक्य मी मूळ आवाजात, सबटायटल्स लावून, पुन्हा ऐकते.

आता लिहायला बसायचं. एक मनचंच उदाहरण घेते. पहिला खर्डा साधारण असा उतरतो:

"बहीण हॉस्पिटलमध्ये येते. ती डॉक्टरांशी बोलते. थोड्या वेळाने भाऊ येतो. दोघांचं भांडण होतं. मग बहीण फॉर्मवर सही करते आणि भाऊ निघून जातो."

यात खोटं काही नाही, पण ताईने पाच ठिकाणी अडवलं असतं. आता हे बघा:

"फॉर्मवर सही कुणी करायची, यावरच हा भाग उभा आहे. भाऊ मोठा, पण वडिलांशी तीन वर्षं बोललेला नाही. बहीण रोज येते, पण आपल्या सहीला वजन नाही असं तिला स्वतःलाच वाटतं. अखेर ती सही करते तेव्हा कॅमेरा तिच्या हाताकडे नाही, भावाच्या चेहऱ्याकडे आहे. त्याला सुटल्यासारखं झालंय, आणि ते तिला दिसलंय."

डॉक्टर गेले, भांडण गेलं, कुणी चुकल्यासारखं वाटतं का? पडद्यावरचा क्रम तुमच्यावर बंधनकारक नाही. दोन-तीन कथानकं आलटून पालटून दाखवतात ती संकलनाची सोय असते. कागदावर एकेक धागा धरून शेवटपर्यंत न्या. मुख्य धाग्याला सात-आठ वाक्यं, उपकथानकाला दोन, आणि ज्याचा पुढे काही उपयोग दिसत नाही त्याला अर्धं. "मग" हा शब्द मोजा. एका परिच्छेदात तीनदा आला, तर तुम्ही कारण सांगायचं टाळताय.

काळ वर्तमान ठेवा: ती दार उघडते, तो वळतो. त्याने फ्लॅशबॅकला आपोआप वेगळी जागा मिळते, "उघडलं होतं" म्हटलं की वाचकाला कळतं आपण मागे आलो. सगळंच भूतकाळात लिहिलंत तर दर चार ओळींनी "दहा वर्षांपूर्वी" लिहीत बसावं लागेल.

दिसलेलं आणि कळलेलं यांची सरमिसळ मात्र करू नका. याचं पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण म्हणजे 'द सोप्रानोज' या माफिया-मालिकेचा १० जून २००७ रोजी दाखवलेला शेवटचा भाग. रेस्टॉरंटमध्ये माफियाचा म्होरक्या टोनी आणि त्याचं कुटुंब एकेक करून जमतंय. मुलीला बाहेर गाडी नीट लावता येत नाहीये. एक अनोळखी माणूस प्रसाधनगृहाकडे जातो. दाराची घंटी वाजते, टोनी मान वर करतो, आणि पडदा काळा. आवाजही बंद. केबल गेली असं समजून कित्येक जण चिडले. त्या रात्री ज्याने "टोनी मारला जातो" असं लिहिलं त्याचा रिकॅप चुकला. तसं वाटणं चूक नाही, त्यावर पानंच्या पानं लिहा, पण खाली, तुमच्या मताच्या जागी. वर फक्त घंटी, मान आणि काळोख.

परीक्षणाकडे येऊ. तिथे पहिला प्रश्न: या भागाला काय करायचं होतं? "काहीच घडलं नाही" हे वाक्य मी स्वतःला बंदी घालून ठेवलेलं आहे. 'ब्रेकिंग बॅड' या अमली पदार्थ बनवणाऱ्यांच्या मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा दहावा भाग, 'फ्लाय', मे २०१० मध्ये आला. वॉल्टर आणि जेसी ही दोन माणसं आणि एक माशी, जवळपास सगळा भाग एका प्रयोगशाळेत. हे पैसे वाचवायला केलं होतं. आहे त्या सेटवर, मोजक्या नटांत उरकलेल्या अशा भागाला इंग्रजी टीव्हीवाले 'बॉटल एपिसोड' म्हणतात. कथानकाची फुटपट्टी लावली तर तो भाग शून्य. पण झोपेच्या गोळ्यांच्या अमलात वॉल्टर एका भयंकर कबुलीच्या काठावर येऊन थांबतो, आणि शिडीवर डुगडुगणाऱ्या जेसीला त्यातलं काही उमगत नाही. ते दोघं तिथे अडकलेत म्हणूनच आपल्याला हे बघायला मिळतं. काटकसरीतून आलेली अडचण लेखकाने कामाला लावली का, हा खरा प्रश्न.

दोष देण्याआधी आपली बाजू तपासा. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'द लाँग नाइट' हा रात्रीच्या लढाईचा ८२ मिनिटांचा भाग २८ एप्रिल २०१९ रोजी दाखवला, तेव्हा काही दिसतच नाही अशी जगभर ओरड झाली. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी उलट प्रेक्षकांच्या टीव्हीच्या सेटिंगकडे बोट दाखवलं. माझं मत विचाराल तर घरोघरी जसे टीव्ही असतात तसे गृहीत धरूनच चित्रण करायला हवं. पण हे लिहायचा हक्क मिळवायला आधी खोलीतला दिवा बंद करून, दुसऱ्या स्क्रीनवर तो भाग पुन्हा बघावा लागतो.

काही मालिका तुमची ठरलेली पद्धत मोडतात, मोडू द्या. २०२५ सालच्या 'अ‍ॅडोलेसन्स'चे चार भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये. तिथे दृश्यागणिक नोंदी करायला गेले तर दृश्यंच सापडेनात, शेवटी कॅमेरा कुणाच्या मागून कुठल्या खोलीत जातो याचाच नकाशा काढला. त्याच वर्षी आलेल्या 'द पिट'च्या पहिल्या सीझनमध्ये १५ भाग म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागातल्या एका पाळीचे १५ तास. तिथे रिकॅपमध्ये घड्याळ द्यायलाच हवं. (ताईला ती फार आवडली. पाय दुखताना दाखवलेत म्हणाली.)

अख्खा सीझन एकदम येतो तेव्हा काय? १ फेब्रुवारी २०१३ला 'हाउस ऑफ कार्ड्स'चे १३ भाग नेटफ्लिक्सवर एकाच दिवशी आले, तेव्हापासून हा पेच आहे. माझा नियम कडक आहे: एक बघा, एक लिहा, मगच पुढचा लावा. चौथा बघून दुसऱ्यावर लिहिलंत की "इथेच खरं तर बीज पेरलंय" असली शहाणपणाची वाक्यं येतात, आणि वाचकाला वास लागतो. वाहिनीकडून आगाऊ भाग मिळाले असतील तेव्हाही हेच.

शीर्षकात स्पॉयलर नको, चित्रातही नको. पात्राचा हार घातलेला फोटो लावून वर "धक्कादायक वळण" लिहिणारे मी पाहिलेत. तारे द्यायचे तर द्या, मी देत नाही. तेरातला सहावा भाग साडेतीन ताऱ्यांचा म्हणजे नक्की काय, ते मला कधी ठरवता आलं नाही.

आणि पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, शक्यतो ज्याने भाग पाहिलेला नाही त्याच्यासमोर. ताई आता सगळं आपलं आपण बघते, पण अजून मी कधीकधी तिला फोनवर वाचून दाखवते. परवा दुसऱ्याच वाक्यात अडवलं. "मगाशी कुलूप म्हणालीस, त्याचं पुढे काय झालं?" मी तर ते नुसतं वातावरणासाठी घातलं होतं. परत जाऊन पाहिलं. सतराव्या मिनिटाला ते एकदाच दिसतं, आणि तेव्हा ते उघडं आहे. पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला.