गाडी कोणाच्या हाती सोपवायची

गाडी बंद पडली की आपण गॅरेज शोधायला लागतो, आणि त्यासाठी याहून वाईट वेळ नाही. घरी पोचायची घाई असते, डोकं चाललेलं नसतं, समोरचा म्हणेल त्याला मान डोलवावी लागते. गाडी ठणठणीत असतानाच गॅरेज शोधून ठेवा. मी हे शिकले तेव्हा एक महागडा पार्ट विनाकारण बदलून झाला होता.

झालं असं की डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. जवळच्या एका गॅरेजमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला, पी०४२० हा कोड आला आणि दोन मिनिटांत निकाल लागला: ‘कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, बदलावा लागेल.’ हा कन्व्हर्टर म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. बदलला. आठच दिवसांत दिवा पुन्हा लागला. मग दुसरीकडे गेले. तिथल्या मिस्त्रींनी स्कॅनरला हातही लावला नाही. ‘गाडी रात्रभर इथेच राहू दे, सकाळी थंड इंजिन सुरू करून ऐकायचंय’, म्हणाले. सकाळी मला बोलावून घेतलं. गाडी सुरू केल्याबरोबर खालून बारीक ‘टिक टिक टिक’ ऐकू येत होतं, आणि इंजिन तापलं तसा तो आवाज विरून गेला. एक्झॉस्टच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या) सांध्यावर त्यांनी टॉर्चचा झोत धरला. तिथे काजळीचा पिसासारखा काळा फराटा उमटला होता. सांधा घट्ट बंद ठेवणारं गॅस्केट फुटलं होतं, तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर चुकीचं वाचत होता. गॅस्केट बदललं, दिवा गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी कुठल्याही गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच विचारते: ‘कोड कोणता आला, आणि कोड आल्यावर तुम्ही काय तपासलं?’ कोड म्हणजे गाडीची तक्रार. कोणता पार्ट खराब आहे, हे तो सांगत नाही. पी०४२० इतकंच सांगतो की कन्व्हर्टर पुरेसं काम करत नाही असं सेन्सरला दिसतंय. तसंच पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे इंधन नीट पेटत नाही. जिथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) असते, तिथे चांगला माणूस पहिल्याची कॉइल काढून तिसऱ्यावर लावतो आणि गाडी चालवून बघतो. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०१च राहिला तर प्लग, इंधन फवारणारा इंजेक्टर, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं. नवी कॉइल मागवण्याआधी जो एवढं करतो, त्याचा नंबर जपून ठेवा.

आता शोधायचं कसं? आपल्याच मॉडेलची गाडी बरीच वर्षं वापरणाऱ्यांना विचारा. पण ‘तुमचा मेकॅनिक चांगला आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी दोन गोष्टी विचारा. ‘हे काम आत्ता करू नका, अजून चालेल’ असं त्याने कधी सांगितलंय का? आणि त्याच्या हातून काम बिघडलं तेव्हा तो काय बोलला? चूक सगळ्यांकडून होते. गाडी परत घेऊन निमूटपणे दुरुस्त करून देणारा माणूस मला कधीही न चुकणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

मग एकदा गाडी न नेता तिथे जा आणि दहा मिनिटं उभे राहा. गाडीखाली काम चाललंय ती नुसत्या जॅकवर आहे की खाली स्टँड लावलेत? उघडलेल्या इंजिनाचे नटबोल्ट ट्रेमध्ये नीट ठेवलेत की जमिनीवर विखुरलेत? चाक बसवताना शेवटी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) लावतात का? एअर गनने नुसते कचकचून आवळलेले नट पुढे पंक्चर झालं की रस्त्यात सुटत नाहीत, आणि मग आपली काय अवस्था होते ते मी अनुभवलंय. कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या अर्धवट उघडलेल्या गाड्यांकडेही नजर टाका. अशा चार-पाच दिसल्या तर गॅरेज झेपेल त्याहून जास्त कामं घेतंय.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की बाहेरचं गॅरेज, यावर लोक फार भांडतात. गाडी वॉरंटीत असेल तर वॉरंटीच्या अटी वाचा आणि त्यानुसार ठरवा. किल्ली, सॉफ्टवेअर, एअरबॅग यांसाठी मी कंपनीकडेच जाते. बाकीच्या कामांना माझ्या दृष्टीने एकच कसोटी: गाडीला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं का? काउंटरवरच्या माणसाने गाडी पाहिलेलीच नसते.

पहिलं काम छोटं द्या: ऑइल बदलणं आणि एक पूर्ण तपासणी. जाण्याआधी मॅन्युअलमध्ये ऑइलचा ग्रेड (५डब्ल्यू-३० वगैरे) आणि किती लिटर लागतं ते बघून घ्या, बिलावर तेच आलंय का ते ताडून पाहा. घरी आल्यावर डिपस्टिक पुसून बुडवा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. सकाळी गाडीखाली थेंब दिसता कामा नये. डिझेल गाडीचं नवं ऑइल लगेच काळं पडतं, त्यावरून कोणाला चोर ठरवू नका.

तपासणीच्या अहवालात आकडे असले पाहिजेत. ‘ब्रेक पॅड खराब’ याला काही अर्थ नाही. ‘पुढचे पॅड ४ मि.मी. राहिलेत’ याला आहे. नवा पॅड साधारण १० ते १२ मि.मी. असतो आणि ३ मि.मी.च्या आसपास आला की बदलायची वेळ झाली. डिस्कची किमान जाडी बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेली असते, त्यामुळे ‘डिस्क पण बदलायला हवी’ म्हणणाऱ्याला मापून दाखवायला सांगा. टायरच्या खाचांमध्ये १.६ मि.मी. उंचीचे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. टायरचं वय बाजूच्या चार आकड्यांवरून कळतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. बंद गाडीची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते, आणि लांब घाटउतारावर ब्रेक पोकळ लागतात. म्हणून बरेच उत्पादक ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. हे काम कोणी सुचवलं तर तो लुबाडतोय असं समजू नका.

‘ही गाडी अशी घरी नेऊच नका’ हे वाक्य ऐकलं की पोटात गोळा येतो. कधीकधी ते खरं असतं. त्यामुळे घाबरू नका आणि उडवूनही लावू नका, ‘मला दाखवा’ म्हणा. चाक जमिनीवरून उचललं की घड्याळातल्या १२ आणि ६च्या जागी हात धरून हलवायचं. खडखड लागली तर चाकाचं बेअरिंग किंवा सस्पेन्शनचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट. ३ आणि ९च्या जागी धरून हलवल्यावर लागली तर बहुधा स्टिअरिंगचा सांधा, म्हणजे टाय रॉड एंड. स्वतःच्या हाताला ती खडखड जाणवली की पटवून द्यावं लागत नाही. खरं सांगणारा माणूस दाखवायला कंटाळत नाही. ‘तुम्हाला त्यातलं कळणार नाही’ म्हणणाऱ्याकडून मी किल्ली परत घेते.

उलट इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग असली कामं प्रत्येक सर्व्हिसिंगला पुढे केली जात असतील तर मॅन्युअलमधलं वेळापत्रक उघडा. तिथे नसेल आणि गाडीला काही त्रास नसेल तर ‘आत्ता नको’ म्हणा. मात्र टायमिंग बेल्टची (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्याची) मॅन्युअलमधली मुदत आली असेल तर घासाघीस करू नका. कित्येक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

एस्टिमेट लेखीच घ्या, आणि कामांचे तीन भाग करून मागा: आत्ता करायची, काही महिन्यांत करायची, नुसतं लक्ष ठेवायची. त्यापलीकडचं काही निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हे आधीच सांगा. जुने पार्ट डिकीत ठेवायलाही काम सुरू होण्याआधीच सांगायचं, नंतर ते भंगारात गेलेले असतात. अल्टरनेटरसारखा (बॅटरी चार्ज करणारा) जुना पार्ट नव्याच्या बदल्यात द्यावा लागत असेल तर निदान डोळ्यांनी बघून घ्या. बिलावर पार्ट नंबर, मजुरी वेगळी, किलोमीटर आणि कामाची गॅरंटी किती, हे सगळं हवं. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलं असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे दाखवणारा कागद मागा.

जुनी गाडी विकत घेताना तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये अजिबात करू नका. तो ‘दुसरीकडे नको’ म्हणाला तर ती गाडी नको.

आपली बाजूही नीट सांभाळावी लागते. ‘ब्रेक पॅड बदला’ असं सांगितलं तर पॅड बदलले जातील, आवाज राहील. लक्षण सांगा: ‘सकाळी पहिल्या ब्रेकला डावीकडून चिरका आवाज येतो, दुसऱ्यापासून येत नाही.’ जमलं तर आवाज फोनवर रेकॉर्ड करा आणि ट्रायलला सोबत बसा. पैसे ठरल्या वेळी द्या.

माझ्या ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही असते. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर आणि काय काम केलं ते मिस्त्री स्वतःच्या हाताने लिहितात. शेवटची नोंद अशी आहे: ‘मागचे पॅड ५ मि.मी. आत्ता बदलले नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगला पुन्हा मोजणे.’