सरकारी ठेक्यात जादा काम, बंद काम: पैसे बुडवणाऱ्या या चुका टाळा

उपअभियंता साइटवर येतात, "इथं संरक्षक भिंत घेऊन टाका, बिलात बघू" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी लागतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या बी-१ (टक्केवारी दर), बी-२ (बाबनिहाय दर) नमुन्यातल्या ठेक्यांत पैसे अडकतात ते इथं. करारातल्या क्लॉज १४ प्रमाणे बाब निविदेत नसेल आणि तिचा दर डीएसआरमध्येही (विभागाच्या दरसूचीत) नसेल, तर लेखी आदेश मिळाल्यापासून सात दिवसांत आपला दर कळवायचा असतो. दर ठरण्याआधी काम सुरू केलं, तर तोवरच्या कामाला अभियंता ठरवतील तोच दर. भिंत उभी राहते, प्रस्ताव वर जातो, तेवढ्यात साहेबांची बदली होते. नवे साहेब विचारतात, "आदेश कुठाय?" तोंडी सूचना मिळाली की त्याच संध्याकाळी पत्र टाका: तारीख, चेनेज (कामावरचं नेमकं ठिकाण), कोणी काय सांगितलं, आणि लेखी आदेशाची मागणी. पोचेवर आवकचा शिक्का घ्या. व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर विसंबू नका. पत्रानं साहेब नाराज होतील ही नवख्यांची भीती. दर पृथक्करण (दर कसा निघाला त्याचा हिशेब) जोडलेलं सरळ पत्र असेल तर त्यांचाच प्रस्ताव लवकर तयार होतो.

परिमाण वाढलं की नवा दर, हाही गैरसमज. कठीण खडकातलं खोदकाम निविदेत ४०० घनमीटर, प्रत्यक्षात ७०० निघालं. क्लॉज ३८ प्रमाणे २५ टक्के वाढीपर्यंत, म्हणजे ५०० घनमीटरला निविदेचाच दर. उरलेल्या २०० ला चालू डीएसआर, तोही तुमच्या निविदेच्या टक्केवारीनं कमी-जास्त करून. २० टक्के बिलोनं, म्हणजे अंदाजित रकमेपेक्षा कमी दरानं काम उचललं असेल तर ते २० टक्के इथंही कापले जातात. पाया झाकण्याआधी पाच दिवसांची लेखी नोटीस द्या, मोजमाप एमबीत (मोजमाप पुस्तिकेत) चढवून घ्या. काँक्रीट पडल्यावर खडक कोण मोजणार?

काम थांबवण्याचा आदेश आला की मशिनरी उभी करून नुसते बसू नका. क्लॉज १५ तारखांवर चालतो. संपूर्ण काम सलग ९० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिलं, तर ते ९० दिवस संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, १० दिवसांची आगाऊ लेखी नोटीस देऊन उरलेल्या कामातून बाहेर पडता येतं. सलग ३० किंवा एकूण ६० दिवसांवर बंद राहिलं, तर यंत्रं आणि मजुरीचा खर्च मागता येतो. अर्ज काम पुन्हा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत. पहिल्या ३० दिवसांचं काही मिळत नाही, बुडालेला नफा तर नाहीच, तो मागणीत घुसडू नका. रोज यंत्राचा नंबर आणि हजेरी लिहून कनिष्ठ अभियंत्याची सही घ्या. "पोकलेन उभा होता" म्हणणाऱ्यांची त्याच तारखांची डिझेलची बिलं दुसऱ्या साइटची निघतात.

क्लॉज ३ खाली ठेका रद्द होत असेल तर आधी संयुक्त मोजणी मागा, साइट नंतर सोडा.

अंतिम बिलावर "काही मागणी नाही" असं लिहून सही करू नका. मागणीचं पत्र सहीआधी आवकला लावा आणि बिलावर हरकत नोंदवून त्या पत्राचा आवक क्रमांक टाका.